निदानापूर्वीचा काळ : स्मृतिभ्रंशाची शंका आणि प्रतीक्षेतील कुटुंबे

भारतातील साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० कोटी ४० लाख होती. वृद्धांच्या वाढत्या संख्येची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने निवृत्तिवेतन, अवलंबितांचे प्रमाण आणि असंसर्गजन्य रोग या अंगांनी होते. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा त्यातील तुलनेने दुर्लक्षित विषय होय. आणि त्यातही निदान होण्यापूर्वीचा काळ बहुधा कोणाच्याच हिशेबात नसतो. घरातील ज्येष्ठ व्यक्ती एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारू लागते, नेहमीच्या बाजारातून घरी परतताना गोंधळते, बँकेच्या पासबुकातील नोंदी तिला उमजेनाशा होतात. तेव्हापासून तज्ज्ञ डॉक्टर आजाराचे नाव निश्चितपणे सांगेपर्यंत अनेकदा वर्षे उलटतात. रुग्ण म्हणावे तर निदान नाही आणि निरोगी म्हणावे तर रोजचा अनुभव वेगळाच, अशा अवस्थेत संपूर्ण कुटुंब वावरत असते.

ही स्थिती केवळ भारतातील नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२५ मध्ये विविध देशांतील १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पहिली लक्षणे दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी साडेतीन वर्षे लागतात आणि ऐन उमेदीच्या वयात आजार सुरू झाल्यास हा काळ चार वर्षांहून अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या देशांत तज्ज्ञांची संख्या पुरेशी आहे आणि वैद्यकीय नोंदी नीट ठेवल्या जातात, तेथील ही स्थिती लक्षात घेतली म्हणजे भारतातील प्रश्नाच्या व्याप्तीची कल्पना येते.

आकडे आणि त्यामागील अदृश्य रुग्ण

‘लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा एक भाग म्हणून ज्येष्ठांच्या आकलनशक्तीची स्वतंत्र तपासणी करण्यात आली. तिच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा आणि ग्रामीण भागात शहरांपेक्षा अधिक आढळले. २०३६ पर्यंत ही संख्या सुमारे १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असे याच अभ्यासात म्हटले आहे. तत्पूर्वी, २०१० मध्ये ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेने आपल्या अहवालात ३७ लाखांचा अंदाज दिला होता. दोन्ही आकड्यांमागील पद्धती भिन्न असल्याने त्यांतील फरक हा सर्वस्वी रुग्णवाढीचा निदर्शक मानता येत नाही, ही गोष्ट परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावी.

अधिक महत्त्वाचा मुद्दा असा, की हे आकडे सर्वेक्षकांनी घरोघरी जाऊन केलेल्या तपासणीतून निघालेले आहेत, रुग्णालयांच्या नोंदवहीतून नव्हे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या काही देशांत स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींपैकी जवळपास ९० टक्क्यांचे निदानच झालेले नसते, असे आंतरराष्ट्रीय अल्झायमर संघटनेने २०२१ च्या जागतिक अहवालात नमूद केले होते. याचाच अर्थ, ज्यांच्या घरी शंका निर्माण झाली आणि ज्यांनी डॉक्टरांकडे जाण्याचा निर्णय घेतला, ते प्रतीक्षेतील लोक एका परीने भाग्यवानच म्हणावे लागतील. बहुसंख्य कुटुंबांची प्रतीक्षा सुरूच झालेली नसते.

‘साठी बुद्धी नाठी’ : घरातील विलंब

प्रतीक्षेचा पहिला आणि बहुतेकदा सर्वांत लांब टप्पा घरातच जातो. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. हिंदी भाषक प्रदेशात ‘सठियाना’ हे क्रियापद याच अर्थाने वापरतात. केरळमधील संशोधकांना लोकव्यवहारात ‘चिन्नन’ हा शब्द आढळला. बालिशपणा असा त्याचा आशय. या शब्दांत थोडी चेष्टा आहे, बरीच सहनशीलताही आहे. मात्र आजाराची जाणीव त्यांत नाही. विसरणे हा वयाचा धर्म मानला, की त्यासाठी दवाखान्याची पायरी चढण्याचे कारण उरत नाही. गोव्यात करण्यात आलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गुणात्मक अभ्यासातही नेमके हेच दिसून आले : लक्षणे लोकांना परिचित होती, पण ती वार्धक्याचा स्वाभाविक भाग समजली जात होती.

या स्वीकाराला एक चांगली बाजू आहे, हे नाकारता येणार नाही. संयुक्त कुटुंबात आजोबांनी एकच गोष्ट चार वेळा सांगितली तर कोणी त्यांना रुग्ण ठरवीत नाही आणि घरातील त्यांचे स्थानही अबाधित राहते. परंतु त्यामुळेच आजाराची पहिली दोन-तीन वर्षे नजरेआड होतात. घरातील सून किंवा मुलगी स्वयंपाक, औषधे आणि व्यवहार हळूहळू आपल्या हाती घेते, आणि ज्येष्ठ व्यक्तीची क्षमता किती घटली आहे हे झाकले जाते. तिच्या मदतीमुळे लपलेली ही घट लग्नकार्यात, घर बदलताना किंवा जोडीदाराच्या निधनानंतर एकदम उघडी पडते. ‘वडील गेल्यापासून आई अशी झाली’ असे अनेक कुटुंबे सांगतात. प्रत्यक्षात आईला सावरून धरणारा आधार गेलेला असतो.

दुसरे कारण भीतीचे आहे. आजाराचे नाव निघाले की मानसिक रोगाचा शिक्का बसेल, घरातील मुलींच्या विवाहात अडचण येईल, अशा शंका अजूनही ऐकू येतात. शिवाय ज्या व्यक्तीबद्दल शंका असते, तिला स्वत:ला आपल्यातील बदल जाणवत असतो. प्रारंभी तर तो तिला इतरांच्या आधी जाणवतो. ती तो लपवते, विषय बदलते, चिडते. घरातले त्याला स्वभाव म्हणतात.

डॉक्टरांना वेळ का लागतो?

डॉक्टरांकडे गेल्यानंतरही उत्तर लगेच मिळत नाही, आणि याचा दोष दर वेळी व्यवस्थेकडे जात नाही. स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून लक्षणसमूहाचे नाव आहे. स्मरण, भाषा, निर्णय, दिशाज्ञान यांपैकी काही क्षमतांत पूर्वीच्या तुलनेत स्पष्ट घट झाली असावी आणि तिच्यामुळे दैनंदिन स्वावलंबनाला बाधा यावी, या दोन अटी पूर्ण झाल्यावरच हे निदान करता येते. ‘पूर्वीच्या तुलनेत’ हे शब्द येथे कळीचे आहेत. व्यक्ती पूर्वी कशी होती, हे कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. ते घरच्या माणसालाच सांगावे लागते.

अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण. जर्मन वैद्यक आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथे एका महिला रुग्णाची हकिकत सादर केली, ती तिच्या मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून. पुढील अनेक दशके खात्रीलायक निदानाचा तोच एक मार्ग होता. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, लुई बॉडी प्रकार आणि वर्तनबदलाने सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार हे अन्य प्रमुख प्रकार होत. एकाच व्यक्तीत दोन प्रकार एकत्र असणेही सामान्य आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या पण उपचारांनी सुधारू शकणाऱ्या अनेक अवस्था आधी वगळाव्या लागतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, रक्तातील सोडियम कमी होणे, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, मेंदूतील पोकळ्यांत द्रव वाढणे, आणि झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवीच्या तक्रारींवरील काही औषधे ही त्यांतील ठळक उदाहरणे. वृद्धांमधील नैराश्य तर स्मृतिभ्रंशाचा हुबेहूब आभास निर्माण करू शकते. त्यावर उपचार सुरू करून परिणाम पाहण्यातच काही आठवडे जातात. रुग्णालयात दाखल असताना, ताप किंवा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग झाला असताना ज्येष्ठ व्यक्ती अचानक बरळू लागते, माणसे ओळखेनाशी होते. ही तीव्र संभ्रमावस्था ओसरल्याशिवाय स्मरणशक्तीची चाचणी घेऊन उपयोग नसतो. ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ हे डॉक्टरांचे शब्द नातेवाइकांना टाळाटाळीसारखे वाटतात. अनेकदा तोच योग्य वैद्यकीय निर्णय असतो.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक अवस्था आहे. चाचणीत घट दिसते, परंतु दैनंदिन व्यवहार सुरळीत असतात. तिला आकलनशक्तीतील सौम्य घट, म्हणजे ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असे म्हणतात. स्मृती-चिकित्सालयांत येणाऱ्या अशा व्यक्तींपैकी दर वर्षी साधारणत: १० ते १५ टक्के व्यक्तींमध्ये पुढे स्मृतिभ्रंश विकसित होतो. काहींची स्थिती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि काही पूर्ववत होतात. कोण कोणत्या वाटेने जाईल, हे त्या दिवशी सांगता येत नसल्याने सहा महिने ते वर्षभराने पुनर्तपासणी करणे एवढाच मार्ग उरतो. रक्तचाचणीद्वारे अल्झायमरच्या खुणा शोधणे आता शक्य झाले असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी दिली. मात्र ती लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यक्तींसाठी आहे. जाहिरात पाहून निरोगी माणसाने परस्पर करून घ्यावी, अशी ती चाचणी नव्हे.

चाचणीची भाषा

भारतात निदान लांबण्याचे एक खास कारण चाचण्यांच्या भाषेत आणि शिक्षणाच्या पातळीत दडलेले आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी जगभर वापरली जाते. तीत शंभरातून सात वजा करीत जाणे, एक वाक्य लिहिणे, लिहिलेली सूचना वाचून तसे करणे, एकमेकांना छेदणाऱ्या दोन पंचकोनांची आकृती काढणे असे प्रश्न असतात. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी पेन्सिल हाती धरली नाही, तिला या चाचणीत कमी गुण मिळाले तर तो आजाराचा पुरावा की शाळेत न गेल्याचा? उलट, उच्चशिक्षित प्राध्यापक आजाराच्या प्रारंभी चांगले गुण मिळवून सुटतात आणि ‘सर्व ठीक आहे’ असा निर्वाळा घेऊन घरी येतात.

हरियाणातील बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त संशोधनात या अडचणीवर विचारपूर्वक उत्तर शोधण्यात आले. तेथील निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी तयार केलेल्या हिंदी चाचणीत वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगण्यास, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगण्यास आणि वाचून कृती करण्याऐवजी समोरच्याकडे पाहून डोळे मिटण्यास सांगितले जाते. त्याच संशोधनातून ग्रामीण जीवनाशी सुसंगत अशी दैनंदिन क्षमतांची प्रश्नावलीही तयार झाली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचण्यांचा एक प्रमाणित संच विकसित केला. भाषांतर करून चाचणी तयार होत नाही. प्रत्येक भाषेत, शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर शेकडो निरोगी व्यक्तींची तपासणी करून गुणांची मर्यादा ठरवावी लागते, आणि हे काम संथ व खर्चिक असते.

भाषेसंबंधी आणखी एक निष्कर्ष या संदर्भात आवर्जून नमूद करण्यासारखा आहे. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांच्या नोंदींवर आधारित आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले. निरक्षर व्यक्तींमध्येही हा फरक दिसून आला, त्यामुळे त्याचे श्रेय केवळ शिक्षणाला देता येत नाही.

अनिश्चिततेचा भार

अमेरिकी समाजशास्त्रीय संशोधक पॉलिन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ अशा आशयाची संकल्पना मांडली आहे. माणूस समोर आहे, पण पूर्वीचा राहिलेला नाही; त्याचे जाणे पूर्ण नसल्याने शोकही करता येत नाही. निदानापूर्वीच्या काळात हा अनुभव अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण काही गमावले आहे की नाही हेच ठाऊक नसते. चांगला दिवस उजाडला की ‘आपण उगाच घाबरलो’ असे वाटते. दुसऱ्या दिवशी गॅस चालू राहतो आणि शंका परत येते. सोबत राहणारी मुलगी एक पाहते, वर्षातून दोनदा येणारा मुलगा दुसरेच पाहतो. त्याच्यासमोर आई दोन दिवस अगदी व्यवस्थित वागते. ‘तूच तिला आजारी ठरवतेस’ हा आरोप अशा घरांत नवा नसतो.

या काळात कुटुंबाकडून नकळत घडणारी एक चूक म्हणजे रोजची परीक्षा. ‘आज कोणता वार?’, ‘मी कोण सांग पाहू?’, ‘सकाळी काय जेवलीस?’ अशा प्रश्नांनी काहीही सिद्ध होत नाही. व्यक्तीचा आत्मविश्वास मात्र खचतो आणि ती बोलणेच कमी करते. त्यापेक्षा नोंदी ठेवणे कितीतरी उपयुक्त ठरते. काय घडले, केव्हा घडले, पूर्वी तेच काम ती व्यक्ती कसे करीत असे, बदल हळूहळू झाला की एकाएकी, दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास वाढतो, एवढे एका वहीत तारखेसह लिहिले तर डॉक्टरांसमोरच्या दहा मिनिटांचे मोल अनेक पटींनी वाढते. ‘हल्ली विसरते’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या दिवाळीपर्यंत चकल्या स्वत: करीत असे, या दिवाळीला कृतीचा क्रमच चुकला’ हे वाक्य निदानाच्या दृष्टीने अधिक सांगून जाते.

निदान येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. कानाची आणि डोळ्यांची तपासणी, श्रवणयंत्र किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, घरातील सर्व गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे रिकामी करणे, मद्यपान थांबवणे, पुरेशी झोप आणि नियमित चालणे या गोष्टी निदान काहीही निघाले तरी लाभाच्याच असतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये १४ जोखीमकारक घटकांची यादी दिली. श्रवणदोष, उच्च रक्तदाब, कमी शिक्षण, नैराश्य, एकाकीपणा, वायुप्रदूषण यांचा तीत समावेश आहे. हे सर्व घटक दूर झाल्यास तत्त्वत: सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. हा अंदाज संपूर्ण समाजासाठीचा आहे. ज्या व्यक्तीत लक्षणे सुरू झाली तिच्या बाबतीत ४५ टक्के हमी असा त्याचा अर्थ नव्हे. बाजारातील ‘बुद्धिवर्धक’ गोळ्या आणि टॉनिकांवर होणारा खर्च मात्र याच काळात सर्वाधिक होतो, आणि त्यांतून स्मृतिभ्रंश थांबल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

सुरक्षिततेचे साधे उपायही निदानाची वाट पाहत नाहीत. खिशात घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड, रात्री स्वयंपाकघरातील गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, मोबाईलवर ओटीपी विचारणाऱ्या अनोळखी व्यक्तींपासून बँक खात्याचे संरक्षण आणि दुचाकी चालवण्याबाबत वेळीच केलेली चर्चा हे त्यांतील प्रमुख. ही चर्चा त्या व्यक्तीशी करावयाची, तिच्याबद्दल इतरांशी नव्हे. भारतीय कुटुंबांत आजाराचे नाव रुग्णाला न सांगता मुलांना सांगण्याचा प्रघात आहे. त्यामागे माया असली, तरी ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यालाच निर्णयातून वगळले जाते. आणि पुढे त्याचे मत विचारावे म्हटले तर ते सांगण्याची क्षमता उरलेली नसते.

कायदा आणि वेळेचे महत्त्व

प्रतीक्षेची खरी किंमत येथेच समोर येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करतेवेळी व्यक्ती स्वस्थचित्त असावी लागते. याच अधिनियमाच्या कलम २०१ अन्वये मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलचित्त झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजेच ज्या प्रसंगासाठी कुटुंबे घाईघाईने मुखत्यारपत्र करून घेतात, नेमक्या त्याच प्रसंगी ते निरुपयोगी ठरते. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने क्षमता गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय केली. भारतात तशी तरतूद नाही. मृत्युपत्रासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ५९ स्वस्थचित्ततेची अट घालते. त्यामुळे मृत्युपत्र, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे संयुक्त खाते, ठेवींवरील नामांकन हे व्यवहार व्यक्ती ते समजून करू शकते तोवरच पूर्ण होणे हिताचे असते. शंकेच्या काळातील मृत्युपत्राबरोबर त्याच सुमाराचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र असल्यास पुढील वाद टळण्यास मदत होते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मानसिक आजाराच्या त्यातील व्याख्येत विचार, भावावस्था, आकलन आणि दिशाभान यांबरोबर स्मृतीच्या गंभीर विकाराचाही उल्लेख असल्याने स्मृतिभ्रंश तिच्या कक्षेत येऊ शकतो. कलम ५ नुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपल्यावर भविष्यात कसे उपचार व्हावेत अथवा होऊ नयेत यासंबंधी आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो आणि कलम १४ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. परीक्षेच्या तसेच व्यवहाराच्या दृष्टीनेही कलम ३ मधील एक तरतूद मोलाची आहे : मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरूनच व्यक्ती विकलचित्त ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. निदानाला घाबरणाऱ्या कुटुंबांना हे सहसा माहीत नसते.

मात्र हा प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. मालमत्तेचे व्यवहार तो करू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची संकल्पना आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता सीमित असल्याने स्मृतिभ्रंश त्याच्या बाहेर राहतो. परिणामी अनेक कुटुंबांना अखेरीस उच्च न्यायालयाकडे अनुच्छेद २२६ अन्वये पालक नेमण्यासाठी जावे लागते. कोमातील रुग्णांच्या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्या कायद्यातील हीच पोकळी भरून काढण्यासाठी.

आरोग्यव्यवस्थेतील दुवे

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य व आजारपणात सार्वजनिक साहाय्याचे तत्त्व नमूद आहे. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्य सूचीतील विषय असल्याने राज्याराज्यांतील सोयींत मोठी तफावत दिसते. केरळने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र राज्यस्तरीय उपक्रम हाती घेऊन इतरांपुढे उदाहरण ठेवले. कर्नाटकात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या सहकार्याने २०२२ मध्ये मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर चेतासंस्थेच्या विकारांचे निदान व्हावे, हा त्यामागील विचार आहे.

केंद्र शासनाचा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी साप्ताहिक बाह्यरुग्ण सेवा, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि वैद्यकीय महाविद्यालयांत प्रादेशिक केंद्रे अशी रचना आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईचे मद्रास वैद्यकीय महाविद्यालय येथे राष्ट्रीय वार्धक्य केंद्रांची योजना आहे. अडचण मनुष्यबळाची आहे. देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये निदर्शनास आणले. मेंदूविकारतज्ज्ञांचा ओढा तर मोठ्या शहरांकडेच आहे. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी, वाहनाचे भाडे आणि गोंधळलेल्या वृद्धाला रांगेत तासन् तास सांभाळण्याचे कष्ट.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची व्याप्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्व नागरिकांपर्यंत, उत्पन्नाची अट न ठेवता, वाढवण्यात आली. हे पाऊल निश्चितच मोठे आहे. तथापि ही योजना मुख्यत: रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, तर स्मृतिभ्रंशाचे निदान जवळजवळ संपूर्णपणे बाह्यरुग्ण विभागात होते. सल्ला, रक्ततपासण्या, स्कॅन, पुनर्तपासणी हा प्रतीक्षेतील खर्च त्यामुळे बहुतांशी कुटुंबाच्याच खिशातून जातो. या काळात सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही, अशा दोन मदतवाहिन्या उपलब्ध आहेत.

तज्ज्ञ अपुरे असतील तर काम वाटून घ्यावे लागते आणि त्यासाठी पुरावाही आहे. गोव्यातील दोन तालुक्यांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणी-अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काळजीवाहू नातेवाइकांना माहिती आणि आधार दिला. डॉक्टरांचे साहाय्य त्यांना पाठीमागून मिळत होते. काळजीवाहूंचा मानसिक ताण त्यामुळे कमी झाल्याचे दिसून आले. पदवीधर तज्ज्ञांची वाट न पाहता करता येण्याजोगे हे काम आहे.

आशा कार्यकर्ती ज्या समुदाय-आधारित तपासणी सूचीच्या आधारे घरोघरी माहिती घेते, तीत साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वत:च्या घराचा पत्ता आपण विसरता का? देशभरातील खेड्यापाड्यांत पोहोचणारा स्मृतीविषयीचा हा बहुधा एकमेव शासकीय प्रश्न असावा. मात्र त्याचे उत्तर ज्याच्या स्मृतीबद्दल शंका आहे त्याच्याकडूनच घेतले जाते, आणि नावे व पत्ता विसरणे ही तशी उशिराची लक्षणे आहेत. हाच प्रश्न घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही विचारला आणि त्यात ‘हिशेब, औषधे किंवा स्वयंपाक पूर्वीसारखा जमतो का’ एवढी भर घातली, तर शंका वर्षभर आधी आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोहोचू शकेल. सूचीत त्यासाठी एका ओळीची जागा लागेल.